विज्ञानवर्धिनीचे आघारकर

शिरूरजवळची घोडनदी आणि दौंडजवळची भीमा आपण नेहमी पाहतो. परंतु त्यांच्या पाण्यात कोणते जीव राहतात, हे वाकून पाहणारे थोडेच. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे त्या थोड्यांपैकी एक होते.

त्यांचा जन्म १८८४ साली मालवण येथे झाला. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवू लागले. सह्याद्रीत हिंडून प्राणी व वनस्पती गोळा करण्याची त्यांना आवड होती. १९११ साली सातारा जिल्ह्यातील नद्यांत त्यांना एक चिमुकला, पारदर्शक, छत्रीसारखा जीव आढळला. तो जेलीफिश होता! जेलीफिश बहुधा समुद्रात राहतात. याचे गोड्या पाण्यातील जवळचे भाईबंद तोवर आफ्रिकेतच सापडले होते. मग हा जीव सह्याद्रीत कसा? या प्रश्नाने शास्त्रज्ञ विचारात पडले.

१९१४ साली कोलकाता विद्यापीठाने आघारकरांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नेमले. अधिक अभ्यासासाठी ते जर्मनीस गेले. पण पहिल्या महायुद्धामुळे तेथे स्थानबद्ध झाले. तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही. बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवूनच ते परतले आणि १९४६ पर्यंत कोलकात्यात अध्यापन करीत राहिले.

कोलकात्यात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली विज्ञानसंशोधनासाठी एक संस्था स्थापिली होती. तिच्याच प्रयोगशाळेत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी नोबेल पारितोषिक मिळवून देणारे संशोधन केले. बुद्धीला जागा, साधने व ग्रंथ यांची जोड मिळाली, म्हणजे काय घडते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

निवृत्तीच्या वेळी आघारकरांची साठी उलटली होती. विश्रांती घेतली असती, तर कोणी बोल लावला नसता. परंतु १९४६ मध्येच पुण्यात ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालकपद त्यांनी स्वीकारले. १९६० साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते सांभाळले.

१९९२ पासून तिची प्रयोगशाळा ‘आघारकर संशोधन संस्था’ या नावाने ओळखली जाते. ती ज्या रस्त्यावर आहे, तो मात्र समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर यांच्या नावाचा आहे. या दोन नावांची गल्लत करू नये. दौंडच्या शेजारी बारामती तालुक्यात होळ येथे संस्थेचे शेत आहे. गहू, सोयाबीन, द्राक्षे यांचे नवे वाण संस्थेने शेतकऱ्यांना दिले आहेत.

नदीतला जीव आघारकरांनी स्वतः पाहिला. पुढच्या पिढ्यांनाही असेच पाहता यावे, म्हणून त्यांनी उतारवय वेचले.