कारवानी कुत्र्याची पैदास आणि आपली जबाबदारी

बदनापूरच्या शेतकऱ्यास बियाण्याची पारख कोणी शिकवावयास नको. येथील कृषि-संशोधन केंद्रांतून निघालेले तुरीचे वाण, बीडीएन ७११ काय किंवा बीएसएमआर ७३६ काय, मराठवाड्यांत घरोघर ठाऊक आहेत. तुरीच्या फुलावर मधमाशी बसते, शेजारच्या वाणाचे पराग आणते आणि वाण बिघडतो, म्हणून बियाण्याची तूर इतर तुरीपासून दूर पेरावी लागते, हें आपला साधा शेतकरीहि जाणतो. पिशवी घेतांना तो तिच्यावरील चिठ्ठी पाहतो. पैदासकाराच्या बियाण्यास पिवळी, पायाभूत बियाण्यास पांढरी आणि प्रमाणित बियाण्यास निळी. देवणी किंवा लाल कंधारी खोंड घ्यावयाचा झाल्यास त्याची आई कोणाच्या गोठ्यांतली, वळू कोणता, हें विचारल्यावांचून तो इसार देत नाहीं. परंतु हाच शेतकरी कुत्र्याचें पिल्लू घेतांना त्याचे आईबाप कोण, हें विचारीत नाहीं; आणि देतांना सांगतहि नाहीं. या उणिवेकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मराठवाडा, सोलापूर-सांगलीकडील दुष्काळी मुलूख आणि त्यास लागून असलेला कर्नाटकाचा उत्तर भाग, एवढ्या टापूंत कारवानी जातीचें कुत्रें पूर्वापार आहे. निमुळतें लांब तोंड, खोल छाती, आंत ओढलेलें पोट, लांब पाय व आंखूड गुळगुळीत केंस हीं त्याचीं लक्षणें. कान, पाय व शेपटी यांवर रेशमासारखे लांब केंस असल्यास त्यास पश्मी म्हणतात. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, हीं कुत्रीं इकडे आलीं असें मानतात. वासापेक्षां नजरेनें सावज हेरून धांवणारी ही जात आहे. पूर्वीं लोक सशाच्या शिकारीसाठीं ती पाळीत. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती शिकार गुन्हा ठरली. काळवीट पिकांत शिरले म्हणून त्याच्यावर कुत्रें सोडून पाठलाग करविणें हेंहि शिकारींतच मोडतें, याची आठवण ठेवावी. तेव्हां आज या कुत्र्याचें काम राखणीचें. खळें, वस्ती व शेळ्या यांची. उन्हाळ्याची होरपळ सोसून थोड्या खाण्यावर राहणारें, अंगानें हलकें आणि धन्याशीं इमानी असें कुत्रें आपल्या हवेस जितकें मानवतें तितकें आंखूड नाकाचें किंवा दाट केंसांचें परदेशी कुत्रें कधींच मानवणार नाहीं. कुत्रें आपल्या अंगांतील उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर घालवितें. ज्याचें नाक व घसा चेपलेला, तें आमच्या वैशाखांत काय करील?

या गुणांमुळें अलीकडे शहरांतूनहि कारवानीस मागणी येऊं लागली आहे, आणि येथेंच घात सुरू होतो. पिल्लास पैसे मिळतात असें दिसलें कीं ज्याच्या दारीं मादी आहे तो प्रत्येक माजास तिला फळविण्याची घाई करतो.

हें मी दुसऱ्यास दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. हा उपदेश करण्याचा अधिकार मला माझ्याच चुकीनें आला आहे, म्हणून ती प्रथम सांगतों. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां, बारा-तेरा वर्षांपूर्वीं, मीं लातूरकडून एक कारवानी मादी आणली. रंग वाळूसारखा, नांव हरणी. दहा महिन्यांची असतां ती प्रथम माजावर आली. दोन कोसांवरील एका ओळखीच्या गृहस्थाकडे नर होता. मीं वेळ दवडला नाहीं. सहा पिल्लें झालीं. पांचव्या आठवड्यांतच गिऱ्हाइकें दारीं आलीं आणि मीं पिल्लें देऊन पैसे घेतले. त्यांतील एक पिल्लू शेजारच्या वस्तीवरील गृहस्थांनीं नातवासाठीं नेलें. आठ दिवसांत त्यास रक्ताची हगवण लागली आणि तें गेलें. ते गृहस्थ पैसे परत मागावयास आले नाहींत. “भाऊसाहेब, लसीचं मला ठाऊक नव्हतं, तुम्हांला तरी होतं का?” इतकेंच त्यांनीं विचारलें. मला उत्तर देतां आलें नाहीं.

तरीहि माझे डोळे उघडले नाहींत. पुढच्या माजास मीं हरणीला पुन्हा त्याच नराकडे नेलें. या वेतांत पांच पिल्लें. दोन मेलेलींच जन्मलीं, एकाचे डोळे उघडले तेव्हां तें आंधळें निघालें. दुरून बरगड्या मोजाव्या अशी हरणीची दशा झाली, आणि त्याच उन्हाळ्यांत ती गेली. मागाहून चौकशी करतां कळलें कीं तो नरहि लातूरकडील त्याच घरचा, हरणीच्याच आईच्या आधींच्या वेताचा. म्हणजे बहीण-भावंडांचीच जोडी मीं दोनदां लावली होती! तीस वर्षें मीं लोकांच्या वारस-नोंदी आणि फेरफार लिहिले. आजा कोण, बाप कोण, हिस्सा किती, यांत अक्षराची चूक होऊं दिली नाहीं. घरच्या मुक्या जनावराची मात्र एक ओळहि लिहून ठेविली नाहीं.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. प्राण्यांना निर्दयतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा सन १९६० चा आहे. त्याखालीं केंद्र सरकारनें सन २०१७ मध्यें कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीं स्वतंत्र नियम केले. पैदाशीसाठीं व विक्रीसाठीं जातिवंत कुत्रीं बाळगणाऱ्यानें राज्याच्या प्राणी-कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी. तीस ५,००० रुपये फी. मादी १८ महिन्यांची होईपर्यंत फळवूं नये, आणि ८ वर्षांची झाल्यावरहि फळवूं नये. वर्षांत एकच वेत घ्यावें, जन्मांत पांचांहून अधिक घेऊं नयेत. ८ आठवड्यांच्या आंतील पिल्लू विकूं नये. नरमादी निरोगी असल्याबद्दल पशुवैद्याचा दाखला घ्यावा. वाचकांनीं माझी हकीकत या कलमांशीं ताडून पाहावी. वय, वेत आणि आठवडे, या तिन्ही गोष्टी मीं मोडल्या होत्या. त्या वेळीं हे नियम झाले नव्हते खरे. परंतु कुत्रीचें शरीर तेव्हांहि तेंच होतें.

या नियमांवरून दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, गांवोगांव बेवारशी कुत्रीं अन्नावांचून फिरत असतां नवीं पैदा करावयाचीं कशासाठीं? पैदास बंद करा, आणि ज्यास कुत्रें हवें त्यानें रस्त्यावरचें घरीं न्यावें. दुसरा पक्ष म्हणतो, नोंदणी, फी आणि तपासणी यांचा भार प्रामाणिक माणसावरच पडतो. चोरून विकणारा मोकळाच राहतो. आणि पैदास बंद केली तर देशी जाती नामशेष होतील, त्याची भरपाई कोण करणार? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. १९६० च्या कायद्यांत निर्दयतेच्या पहिल्या गुन्ह्यास दंड १० ते ५० रुपये ठरला, आणि आजहि तो तितकाच आहे. एका पिल्लाच्या किंमतीपुढें हा दंड कोणास भिववील?

कायदा घाईनें केल्यास टिकत नाहीं, याचेंहि ताजें उदाहरण आहे. दि. १२ मार्च २०२४ रोजीं केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानें २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री बंद करण्याविषयीं राज्यांस परिपत्रक धाडलें. संबंधित लोकांचें म्हणणें ऐकून घेतलें नाहीं, या कारणावरून कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानें दि. १० एप्रिल २०२४ रोजीं तें रद्द केलें. जातीचें नांव घेऊन बंदी घालण्यापेक्षां पैदास करणाराच्या वर्तनावर बोट ठेवणें मला अधिक योग्य वाटतें. इंग्लंडांत दि. ६ एप्रिल २०२० पासून अमलांत आलेला नियम या दृष्टीनें मनन करण्यासारखा आहे. ६ महिन्यांच्या आंतील पिल्लू तेथें दलालानें विकावयाचें नाहीं. ज्यानें पैदास केली त्यानेंच विकावें आणि गिऱ्हाइकास तें आईजवळ दाखवावें. पैदाशीच्या कोंडवाड्यांतून सोडविलेल्या लूसी नांवाच्या एका कुत्रीवरून लोक या नियमास ओळखतात. आपल्याकडे असा नियम होवो वा न होवो, पिल्लू घेणारानें ‘आई दाखवा’ म्हणावयास कोणाची आडकाठी आहे?

देशी जात राखतां येते, याचें उदाहरण दूर नाहीं. मुधोळ संस्थानचे अधिपति राजे मालोजीराव घोरपडे यांनीं आपल्या मुलुखांतील अशाच शिकारी कुत्र्यांची जोपासना केली. संस्थान गेलें, पण काम राहिलें. आज मुधोळजवळ तिम्मापूर येथें, बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या देखरेखीखालीं, त्या जातीचें संशोधन केंद्र आहे. सन २००५ मध्यें टपाल खात्यानें देशी कुत्र्यांचीं तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळ होतें. कर्नाळच्या राष्ट्रीय पशु-आनुवंशिक संसाधन संस्थेनें राजपालयम् व चिप्पिपराई यांबरोबर मुधोळची जात म्हणून नोंद केली आहे. आपल्याकडे राजा नाहीं आणि विद्यापीठाची वाट पाहण्याइतका अवकाशहि नाहीं. पण कागद आणि लेखणी आहे. माझ्या मतें या सर्व वादाचा निकाल निदान आपल्या गांवापुरता एका नोंदवहीनें लागेल. नोंद असेल तर सख्खीं भावंडें जोडलीं जाणार नाहींत, वेतें मोजलीं जातील, पिल्लू कोठें गेलें हें कळेल आणि पुढें कोणी अंमलदार विचारावयास आला तर त्याच्यापुढें ठेवावयास कागद असेल. बियाण्याच्या पिशवीस चिठ्ठी, तशी पिल्लास नोंद.

आतां आचरणाच्या कांहीं गोष्टी क्रमानें सांगतों.

१. माजावर आलेली मादी सुमारें तीन आठवडे बंदोबस्तांत ठेवावी. एकाच माजांत दोन नर लागल्यास एकाच वेतांत दोन बापांचीं पिल्लें होऊं शकतात. मात्र एकदां गांवठी कुत्रें लागलें म्हणजे मादी जन्माची बाटली, ही समजूत निखालस खोटी आहे. पुढच्या वेतावर त्याचा कांहीं परिणाम होत नाहीं.

२. पहिला माज सोडून द्यावा. अंगाची वाढ पुरी झाल्यावर, १८ महिन्यांनंतर, वर्षांत एकच वेत. गर्भ सुमारें ६३ दिवस राहतो. त्या काळांत व पिल्लें पीत असतां मादीस पोटभर सकस अन्न द्यावें, नुसत्या भाकरीच्या तुकड्यांवर ठेवूं नये.

३. पिल्लें ८ आठवडे आईजवळ राहूं द्यावीं. दुसऱ्या आठवड्यापासून जंतांचें औषध, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पार्व्हो व डिस्टेंपरची लस आणि पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें तिच्या पुढील मात्रा. पिसाळ रोगाची लस तिसऱ्या महिन्यांत आणि पुढें दरसाल. ही शेवटची लस पिल्लाइतकीच आपल्या मुलाबाळांसाठीं आहे, कारण पिसाळ एकदां अंगांत उमटला कीं मनुष्य सहसा वांचत नाहीं.

४. जितक्या पिल्लांस घर ठरलें असेल तितकींच होऊं द्यावीं. मादी पिल्लें कोणी घेत नाहीं म्हणून पोत्यांत घालून जालना रस्त्यावर सोडून येणारे लोक आपल्यांतच आहेत, हें कबूल केलें पाहिजे. जनावर उपाशी मरेल अशा स्थितींत टाकून देणें १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे. आणि बेवारशी कुत्र्यांची जी तक्रार आपण करतों तिचें एक मूळ आपल्याच दारांत आहे. पैदास करावयाची नसल्यास पशुवैद्याकडून वेळींच शस्त्रक्रिया करवून घ्यावी.

५. नोंदवहींत रकाने असे असावे: पिल्लाचा जन्मदिवस, नर कीं मादी, रंग व खूण, आई व तिचें कितवें वेत, बाप, आजा-आजी, मूळ गांव, लसींच्या तारखा, कोणास दिलें, आणि शेवटीं मृत्यू झाल्यास त्याचें कारण. हा शेवटचा रकाना कोरा सोडूं नये. जातींत कोणता दोष उतरतो तें त्यावरूनच कळतें.

अशी वही प्रत्येकानें घरीं ठेवावी हें उत्तम. पण एका घरची वही दुसऱ्या घरच्या नराविषयीं कांहीं सांगूं शकत नाहीं. माझी आणि त्या ओळखीच्या गृहस्थाची, दोघांचीहि वही असती, तरी त्या एकमेकींशीं ताडून पाहिल्यावांचून आमची चूक टळली नसती. म्हणून आपल्या संघानें तालुक्यापुरती एक सामाईक नोंदवही ठेवावी, अशी माझी सूचना आहे. संघाच्या पुढील सभेंत तिचा विचार व्हावा. खर्च एका जाड वहीचा. लिहिण्याचें काम सभासदांनीं मजकडे सोंपविल्यास मी तें विनामोबदला करीन. अक्षर अजून ठीक आहे आणि नोंदी करण्याची संवय जुनी आहे. वहीच्या पहिल्या ओळींत हरणीचें आणि तिच्या दोन्ही वेतांचें नांव घालण्याची परवानगी मात्र मला असावी. तिच्या वंशांतील जीं दोन-चार कुत्रीं आजूबाजूच्या वस्त्यांवर अजून असतील, त्यांच्या मालकांनीं कृपा करून मला कळवावें.