सिकलसेल: वाहक की रुग्ण?

भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांत सिकलसेल हा शब्द ऐकला नाही असे घर क्वचितच सापडेल. पूर्व विदर्भात हा आजार आदिवासींप्रमाणे आपल्या बौद्ध समाजातही आहे. तरीही लग्नाची बोलणी सुरू झाली की रक्ताचा रिपोर्ट मागायला आपण कचरतो. म्हणून आधी आजार समजून घेऊ.

सदोष जनुक आईवडील दोघांकडून आले तर बाळ ‘एसएस’ म्हणजे रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ‘एएस’ म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. रुग्णाच्या तांबड्या पेशी मात्र प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होते. नवराबायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

शिबिरात बहुधा पहिली होते ती सोल्युबिलिटी चाचणी. रक्ताचा थेंब रसायनात टाकतात. ते गढूळ झाले तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. पण माणूस वाहक की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. तिला यंत्र, वीज आणि शिकलेला माणूस हवा. म्हणून नमुना मोठ्या दवाखान्यात जातो आणि रिपोर्टसाठी आपल्याला मजुरी बुडवून दुसरी खेप मारावी लागते. ती खेप राहून गेली की उत्तरही राहून जाते.

ही अडचण डॉक्टरांइतकीच इंजिनिअरचीही आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. देबजानी पॉल यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी-संशोधक यावरच काम करतात. प्राणवायू कमी केल्यावर रुग्णाच्या आणि वाहकाच्या पेशी सारख्याच रीतीने आकार बदलत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या फरकावरून दोघांना वेगळे ओळखण्याची पद्धत त्यांनी मांडली. अमेरिकेतल्या तुलेन विद्यापीठाच्या बायोमेडिकल इंजिनिअरांनी २०१३ साली साध्या कागदावरची चाचणी मांडली होती. रसायनात मिसळलेल्या रक्ताचा थेंब कागदावर टाकायचा. सिकल हिमोग्लोबिन मधोमध अडकते, बाकीचे बाहेर पसरते आणि डागावरून निदान होते.

अशी संशोधने वस्तीपर्यंत येईतो आपण थांबायचे नाही. आज आहे ती तपासणी करून घ्या. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा. रिपोर्ट हाती आला की एकच प्रश्न विचारा: एएस की एसएस? लग्नाआधी मुलगा आणि मुलगी दोघांचीही तपासणी करा, एकट्या मुलीची नव्हे. गरोदर बाईने सुरुवातीच्या महिन्यांतच करावी. घरात रुग्ण असेल तर त्याला भरपूर पाणी प्यायला द्या, थंडीपासून जपा, डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नका आणि ताप आला तर घरी थांबू नका.

आणखी एक सांगणे. नागपूरच्या संपत रामटेके यांना सिकलसेल रुग्णांसाठी केलेल्या कामाबद्दल २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी रुग्णांचा आवाज उठवला. आता यंत्र बनवणारे हातही आपल्यातून यावेत. बारावी विज्ञानाला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेल्या मुलामुलींसाठी बायोमेडिकल इंजिनिअरिंग ही शाखा आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. कॉलेजात शिकणाऱ्यांनी सुट्टीत गावी आल्यावर विहारात तपासणी शिबिर भरवावे. नावांची यादी करावी आणि प्रत्येकाचा दुसरा रिपोर्ट घरी पोचेपर्यंत पाठपुरावा करावा. ज्या दुखण्यावर उद्या उपाय शोधायचा, त्याची ओळख अशी वस्तीतच होते.