राखीव उपग्रह नव्हता तेव्हा

रामायणाच्या वेळेला लाइट गेली की घराघरात जीव कासावीस व्हायचा. खरा धोका मात्र 36 हजार किलोमीटर वर, उपग्रहात होता आणि तो कुणाच्या गावीही नव्हता.

टीव्हीचं चित्र एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर कसं नेतात, याचं मला जुनं वेड आहे. तेव्हाचं आपलं चित्र 625 ओळींचं, सेकंदाला 25 वेळा नव्यानं काढलेलं. पडद्यावर चित्र काढणारा किरण तळाशी पोचून पुन्हा वर जायचा, तेवढ्यात सुमारे 1.6 मिलिसेकंदांची फट पडायची. स्टुडिओतला स्विचर त्या फटीतच एका चित्रावरून दुसऱ्यावर जायचा. पण दोन्ही चित्रांचा ताल जुळलेला लागायचा. नाहीतर पडद्यावरचं चित्र घसरत राहायचं. मग घरातलं कुणीतरी सेटमागे हात घालून व्ही-होल्डचं बटण फिरवत बसायचं, बाकीचे समोरून ओरडायचे, 'थांब, थांब, आलं!'

हे सगळं कौशल्य दुसरी वाट हाताशी असेल तरच कामाचं. अवकाशात ती नव्हती.

इन्सॅट-1ए हा उपग्रह 10 एप्रिल 1982 रोजी अवकाशात गेला. त्याचा एक अँटेना अडकला, तो कसाबसा मोकळा झाला. तोल सांभाळणारं सौर शीड मात्र उघडलंच नाही. 15 ऑगस्टला त्याच्याच भरवशावर दूरदर्शनचं राष्ट्रीय प्रसारण रंगीत झालं. 6 सप्टेंबरला इंधन संपून उपग्रह निकामी झाला. अवघे 22 दिवस! आशियाई खेळ नोव्हेंबरवर आले होते.

मुळात जोडीदार म्हणून आखलेला इन्सॅट-1बी 30 ऑगस्ट 1983 रोजी चॅलेंजर यानातून निघाला. त्याचं सौर पॅनेल अडकलं. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हासनच्या नियंत्रण केंद्रातल्या मंडळींचा जीव टांगणीला लागला होता. अखेर पॅनेल उघडलं आणि राखीव गडीच मुख्य झाला.

पुढच्याच वर्षी, 1984 मध्ये, 'रोज एक प्रक्षेपक' अशा धडाक्यानं देशभर 100 वॅटची लघुशक्ती केंद्रं उभी राहिली. अशा केंद्रात स्टुडिओ नसायचा. वरून आलेलं चित्र उचलायचं आणि आसपासच्या पंधरा-वीस किलोमीटरांत पसरायचं, एवढंच काम. वरचं गेलं की खालचं गेलं. जुलै 1988 मध्ये सोडलेल्या इन्सॅट-1सीची वीजयंत्रणा बिघडली आणि पुढच्या वर्षी तोही सोडून द्यावा लागला. जून 1990 मध्ये 1डी जाईपर्यंत 1बीनं जवळपास एकट्यानं खिंड लढवली. रामायण आणि महाभारत, दोन्ही त्याच काळातली. त्या यंत्राची कहाणी शाळेत शिकवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

राखीव उपग्रह हवा, हा धडा अर्धाच घेतला गेला. जून 1997 मध्ये सोडलेला इन्सॅट-2डी ऑक्टोबरमध्येच बंद पडला, तेव्हा कक्षेत फिरत असलेला अरबसॅट-1सी विकत घेऊन गरज भागवावी लागली.

पुढे जमिनीवरची वाटही गेली. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनं 2021-22 मध्ये जमिनीवरचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपक मोजके अपवाद वगळता टप्प्याटप्प्यानं बंद केले. खर्चाचा हिशेब पाहता निर्णय समजतो, पण मला तो पटत नाही. घरावरची छोटी डिश केयू-बँडच्या लहरींवर चालते आणि मुसळधार पावसात हा सिग्नल विरतो. जुन्या प्रक्षेपकांच्या लहरींना पावसाचं फारसं काही वाटत नसे. हिंगोलीच्या कयाधू नदीला पूर येतो त्या दिवशी बातमी सगळ्यात जास्त हवी असते आणि नेमकी तेव्हाच डिश दगा देते. दर जिल्ह्यात एक तरी प्रक्षेपक राखीव ठेवायला हवा होता.