सेकंदाला पंचवीस वेळा मुंबई-पुणे

तीस लाख कोटी! आकडा एकदा मोठ्याने म्हणून बघा. 30 च्या पुढे बारा शून्ये. सत्तर किलो वजनाच्या धडधाकट माणसाच्या शरीरात साधारण इतक्या पेशी असतात. प्रत्येक पेशीकडून एकेक रुपया वर्गणी घेतली तर किती जमतील? महाराष्ट्राचा 2025-26 चा अर्थसंकल्प सुमारे 7 लाख कोटी रुपयांचा होता. म्हणजे एका माणसाच्या वर्गणीवर अख्ख्या राज्याचा कारभार चार वर्षे चालेल आणि वर दोन लाख कोटी उरतील! आणि या पेशी मोजायच्या ठरवल्या, सेकंदाला एक, न जेवता, न झोपता, तर मोजणी संपायला साडेनऊ लाख वर्षे लागतील.

यातल्या 25 लाख कोटी पेशी एकाच जातीच्या आहेत : रक्तातल्या तांबड्या पेशी. घरात कुणाचा तरी रक्ततपासणीचा रिपोर्ट पडलेला असेलच, तो काढा. ‘आरबीसी’ या ओळीत पाचाच्या आसपास काहीतरी लिहिलेले असते. दिसायला किती साधा आकडा! पण तो पाच म्हणजे 50 लाख, आणि तेही एका घन मिलिमीटर रक्तात. राईच्या एका दाण्याएवढ्या रक्तात पन्नास लाख पेशी!

एकेक पेशी जेमतेम साडेसात मायक्रॉन रुंद, डोळ्याला दिसणेच शक्य नाही. पण शरीरातल्या सगळ्या तांबड्या पेशी एकीला एक खेटून रांगेत मांडल्या तर रांग 1 लाख 87 हजार 500 किलोमीटर लांब होते. चंद्राच्या वाटेवर जवळजवळ निम्म्यापर्यंत! आपल्या डेक्कन क्वीनला या रांगेच्या कडेने धावायला लावू. मुंबई-पुणे 192 किलोमीटर, सकाळी पुण्याहून मुंबई, संध्याकाळी परत, रोजचे झाले 384. एकही खाडा न करता धावली तरी रांगेचे दुसरे टोक गाठायला तिला एक वर्ष चार महिने लागतील.

आता त्या रांगेतली एकच पेशी उचला. तिच्यात हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू भरलेले असतात. प्रत्येक रेणूवर ऑक्सिजनच्या चार रेणूंना बसायला जागा. म्हणजे एका पेशीत 108 कोटी सिटा! गर्दीच्या वेळी एका लोकलमध्ये पाच हजार माणसे कोंबलेली असतात असे धरले, तर एवढे प्रवासी न्यायला दोन लाख सोळा हजार लोकल लागतील. एका पेशीला. आणि अशा पेशी 25 लाख कोटी!

ही सगळी वाहतूक ढकलते कोण? छातीतला मुठीएवढा, तीनशे ग्रॅमचा स्नायू. मिनिटाला 72 ठोके धरले तर दिवसाला 1 लाख 3 हजार 680. ठोक्यागणिक 70 मिलिलिटर रक्त, म्हणजे दिवसाला सव्वासात हजार लिटर. शेतातली विहीर डोळ्यांसमोर आणा. सहा मीटर व्यास, दहा मीटर पाणी, काठोकाठ भरली तर सुमारे 2 लाख 83 हजार लिटर. हृदय अशा नऊ विहिरी एका वर्षात उपसते आणि दहाव्या विहिरीला हात घालते. पंच्याहत्तर वर्षांत सातशे विहिरी! पंचक्रोशीतल्या विहिरींची नावे संपतील, हृदयाचा उपसा संपणार नाही. ना लोडशेडिंग, ना मोटार जळण्याची भीती, ना एका दिवसाची सुटी.

ते रक्त फुप्फुसांत पोचते तेव्हा समोर काय असते? सुमारे 48 कोटी वायुकोश. हवेचे हे इवलेसे फुगे कापून, उलगडून जमिनीवर पसरले तर सत्तर चौरस मीटर, म्हणजे 750 चौरस फूट भरतील. अहो, हा तर ऐसपैस टू बीएचके झाला! चौरस फुटाला वीस हजार रुपये भाव लावला तर दीड कोटींचा फ्लॅट, आणि तो घडी घालून प्रत्येकाच्या छातीत ठेवलेला आहे.

मूत्रपिंडे तरी मागे कशी राहतील? मुठीएवढी ही जोडी दिवसाला 180 लिटर द्रव गाळते. वीस लिटरचे पाण्याचे नऊ जार! त्यातून बाहेर टाकायला निघते जेमतेम दीड लिटर, बाकी सगळे परत रक्तात. रक्तात पेशी सोडून जो द्रव असतो तो अवघा तीन लिटर. तोच तीन लिटर दिवसात साठ वेळा गाळून निघतो.

अजून खाली उतरू, पेशीच्या आत, तंतुकणिकांपाशी. शाळेत आपण यांना पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणायला शिकलो. या केंद्रातला आतला पडदा पाच-सहा नॅनोमीटर जाड, आणि त्याच्या दोन बाजूंमध्ये विजेचा दाब सुमारे 0.15 व्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल दीड व्होल्टचा, त्याचा हा दहावा हिस्सा. किरकोळ वाटला? पडद्याची जाडी विसरू नका. हाच ताण एक मीटर अंतरावर मांडला तर होतात जवळपास तीन कोटी व्होल्ट! लोकलच्या डोक्यावरून जाणारी तार, जिच्या जवळ फिरकू नका म्हणून स्टेशनास्टेशनांवर पाट्या लावलेल्या असतात, ती 25 हजार व्होल्टची. तिच्या बाराशे पट!

या ताणावर फिरते निसर्गाची सगळ्यात छोटी टर्बाइन. नाव एटीपी सिंथेज. पडद्यात रोवलेले प्रथिनाचे चाक, खरोखर गरगर फिरणारे, सेकंदाला शंभराच्या वर फेरे घेऊ शकणारे. दर फेऱ्याला एटीपीचे तीन रेणू बाहेर. हे काम कसे चालते ते उलगडले म्हणून पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना 1997 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. एटीपी म्हणजे पेशींचे चलन, आणि हे चलन कसले वेगाने फिरते! शरीरात एका वेळी शिल्लक असते सुमारे शंभर ग्रॅम. पण नुसते पडून राहिलात तरी दिवसाचा खर्च 40 किलो. म्हणजे तीच शंभर ग्रॅमची गंगाजळी दिवसात चारशे वेळा खर्चायची आणि चारशे वेळा परत कमवायची!

दम लागला? अजून डीएनए यायचा आहे.

एका पेशीतला डीएनए ताणून सरळ केला तर दोन मीटर भरतो. तो मावतो कुठे? सहा मायक्रॉनच्या केंद्रकात. हे केंद्रक फुगवून टेनिसच्या चेंडूएवढे केले तर आतला धागा चर्चगेटहून निघून थेट अंधेरीला पोचेल, आणि एवढा फुगवूनही केसापेक्षा बारीकच राहील. या धाग्यावर अक्षरे आहेत सहाशे कोटी. तीनशे पानी एक पुस्तक, दर पानावर दोन हजार अक्षरे, अशी दहा हजार पुस्तके! एका पेशीत एक अख्खे ग्रंथालय.

आता सगळ्या पेशींचे धागे जोडू. तांबड्या पेशींना आणि इतर काही पेशींना केंद्रक नसते, त्या वगळू. उरतात केंद्रक असलेल्या सुमारे तीन लाख कोटी. गुणिले दोन मीटर. उत्तर : सहाशे कोटी किलोमीटर! सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. तिथे जाऊन परत यायचे, असे वीस वेळा करता येईल. डेक्कन क्वीन 1 जून 1930 ला सुरू झाली. तिने रोजच्या रोज ये-जा करत एवढे अंतर कापायचे म्हटले तर बेचाळीस हजार वर्षांहून जास्त काळ लागेल.

पण हा झाला नुसता साठा. खरी कमाल उत्पादनात आहे. तांबडी पेशी जगते साधारण 120 दिवस. म्हणून हाडांच्या पोकळीतली अस्थिमज्जा नव्या पेशी घडवत असते, सेकंदाला 24 लाख. आणि आत्ता आपण वगळलेल्या या पेशी जन्मतः बिनकेंद्रकाच्या नसतात! घडताना प्रत्येकीत केंद्रक असते, त्यात पूर्ण दोन मीटरचा धागा असतो. पेशी तयार होत आली की ती हे केंद्रक बाहेर टाकते, शेजारच्या भक्षक पेशी ते गिळतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत हिमोग्लोबिन ठासून बसते.

आता गुणाकार करा. 24 लाख गुणिले दोन मीटर. फक्त तांबड्या पेशींसाठी दर सेकंदाला 4,800 किलोमीटर डीएनए नव्याने विणला जातो! मुंबई-पुणे अंतराच्या पंचवीस पट, एका सेकंदात! आणि तेवढाच टाकूनही दिला जातो. दिवसाचा हिशेब 41 कोटी किलोमीटर. सूर्यापर्यंत जा, परत या, आणि पुन्हा निघून दोन तृतीयांश वाट ओलांडा. हे काल झाले, आज होत आहे, उद्याही होणार.

म्हणून रक्तदान शिबिरात टेबलावर आडवे व्हायला कचरू नका. 350 मिलिलिटरच्या त्या पिशवीतून तुम्ही पावणेदोन लाख कोटी पेशी देता, हे खरे. ऐकून छातीत धस्स होईल असा आकडा. पण तुमची अस्थिमज्जा रोजच्या रोज वीस हजार कोटी पेशी घडवते. ती जरा वेग वाढवेल आणि काही आठवड्यांत तूट भरून काढेल. नियमाने पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते. एवढे अफाट कोठार चोवीस तास चालू असलेल्या माणसाने हात आखडता का घ्यावा? बिनधास्त द्या!