सातबाऱ्यावर पोटखराबा, पावसाळ्यात पाणथळ

रत्नागिरी, लांजा, राजापूर या भागांत गावाच्या वरच्या अंगाला जांभ्याचा सपाट सडा असतो. मे महिन्यात तो नुसता काळा कातळ दिसतो, म्हणून सातबाऱ्यावर बहुतेक ठिकाणी 'पोटखराबा' अशीच नोंद. पण पाऊस लागला की त्याच कातळाच्या खोलगट जागांत पाणी साचते आणि बेडूक अंडी घालतात. पुढे सीतेची आसवं, दवबिंदू अशा कीटक खाणाऱ्या वनस्पती उगवतात. पांढऱ्या फुलांची दीपकाडी कोकणपट्टीतल्या सड्यांचीच. सुट्या दगडांखाली राहणारी पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल तर मुख्यतः रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवरूनच नोंदली गेली आहे.

मग ही पाणथळ जागा सुरक्षित का नाही? सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली संरक्षणाचा आदेश दिला तो 2.25 हेक्टरपेक्षा मोठ्या पाणथळ जागांना. सड्यावरची डबकी त्याहून कितीतरी लहान, शिवाय बरीचशी खाजगी मालकीची. त्यांचे काय करायचे ते मालक ठरवतो.

1990 पासून रोजगार हमीतून फळबागांना अनुदान मिळू लागले. सुरुंग लावून कातळ फोडायचा, बाहेरून माती आणून भरायची आणि हापूसची कलमे लावायची, असे अनेक सड्यांवर झाले. माझा बागेला विरोध नाही, आपल्याच माणसांची मजुरी त्यात आहे. पण डबकी आणि त्यांच्या भोवतीचा उघडा कातळ सोडून कलमे लावता येतात. गडग्यासाठी सगळे सुटे दगड वेचू नयेत, फवारणीचा पंप त्या पाण्यात धुऊ नये. एवढे केले तरी बाग आणि बेडूक दोन्ही राहू शकतात.

आता आपला प्रश्न. बाबासाहेबांनी 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, कायदा झाला 1949 साली. कुळांना जमीन मिळण्याची वाट खुली झाली. पण ज्यांची कूळ म्हणूनही नोंद नव्हती त्यांच्या हाती काय आले? बौद्धवाडीतल्या अशा घरांची गुरे दुसऱ्याच्या सड्यावर केवळ वहिवाटीने चरत आली. सडा विकला गेला, कुंपण पडले की चराई संपते, आणि बोलायला हातात कागद नसतो.

निदान एक कागद मिळवता येतो. जैवविविधता कायदा, 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असली पाहिजे. 2004 च्या केंद्रीय नियमांनी समितीच्या नियुक्त सदस्यांत किमान एक तृतीयांश महिला आणि 18 टक्के अनुसूचित जाती-जमातींचे असावेत असे सांगितले. आपल्या गावात त्या जागेवर कोणाचे नाव आहे, ते ग्रामसेवकांना विचारा. नोंदीने मालकी मिळत नाही, पण सड्यावर काय आहे आणि तो कोण वापरते हे दप्तरी लागते.

आणि नोंदवही उन्हाळ्यात लिहू देऊ नका, तेव्हा सड्यावर लिहिण्यासारखे काही दिसतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये वर जा, गुरे राखलेल्या एखाद्या आजीला सोबत घेऊन. कुठल्या डबक्यात पाणी किती दिवस टिकते, ते तिला ठाऊक असते.