प्रयोगशाळेतील एक छोटा दुवा : सिरियल कार्डाची निवड

आमच्या निदान प्रयोगशाळेतील रक्तपेशीगणक व जैवरासायनिक विश्लेषक यंत्रे आपले निष्कर्ष आरएस-२३२ या सिरियल पोर्टमधून संगणकाकडे पाठवितात. हे मानक १९६० सालचे असले, तरी वैद्यकीय उपकरणांत ते आजही टिकून आहे. नव्या संगणकांत मात्र असा पोर्ट एखादाच असतो किंवा नसतोच. म्हणून अनेक यंत्रे एकाच लिनक्स सर्व्हरला जोडण्यासाठी चार वा आठ पोर्टांचे कार्ड बसवावे लागते.

आमचे पूर्वीचे कार्ड निर्मात्याने दिलेल्या बंदिस्त ड्रायव्हरवर चालत असे. सुरक्षिततेसाठी संगणकप्रणाली अद्ययावत करताच तो ड्रायव्हर निरुपयोगी ठरला. कार्ड सुस्थितीत असूनही निष्कर्ष हाताने उतरवून घ्यावे लागले. हाताने उतरविताना एक दशांशचिन्ह चुकले, तरी रुग्णाच्या औषधाची मात्रा चुकू शकते. या अनुभवातून नव्या कार्डासाठी आम्ही पुढील निकष ठरविले.

पहिला निकष असा, की कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्येच समाविष्ट असावा. ‘लिनक्सवर चालते’ हे वेष्टनावरील वाक्य पुरेसे नाही. कार्डावरील चिपचे नाव व तिचा पीसीआय ओळखक्रमांक विचारून घ्यावा आणि कर्नेलच्या सूचीशी ताडून पाहावा.

दुसरा निकष साधेपणाचा. १६५५० या सर्वमान्य रचनेशी सुसंगत चिप असलेली कार्डे कर्नेलमधील सामाईक ड्रायव्हरवर चालतात. तो ड्रायव्हर असंख्य संगणकांत वापरला जात असल्याने त्याची देखभाल होत राहते. याउलट, स्वतंत्र ड्रायव्हर लागणाऱ्या कार्डांचे वापरकर्ते घटले, की त्याला वाली उरत नाही. सायक्लेड्स कार्डांचा ड्रायव्हर २०२१ मध्ये याच कारणाने कर्नेलमधून वगळण्यात आला. स्रोत खुला असणे आवश्यक आहेच. पण त्याची काळजी घेणारेही असावे लागतात.

तिसरा निकष चिपमधील साठ्याचा. १६५५०ए चिपमध्ये १६ अक्षरे साठतात. ९६०० बॉड गतीने सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे येतात, म्हणजे हा साठा सुमारे १७ मिलिसेकंदांत भरतो. एवढा अवधी सर्व्हरला सहसा पुरतो. ११५२०० बॉडला मात्र तो दीड मिलिसेकंदाहूनही कमी उरतो. तेथे १२८ अक्षरे साठविणारी १६सी९५० चिप श्रेयस्कर.

बसवितानाही दोन गोष्टी पाहाव्यात. काही लिनक्स वितरणांत पोर्टांची प्रारंभिक मर्यादा चारच असते. ती न वाढविल्यास आठ पोर्टांचे कार्ड सदोष भासते. तसेच प्रत्येक पोर्टाला त्याच्या भौतिक स्थानावरून कायम नाव द्यावे. अन्यथा संगणक पुन्हा सुरू झाल्यावर क्रम बदलून एका यंत्राचे निष्कर्ष दुसऱ्याच्या नावे नोंदले जाण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर ज्ञात नमुना चालवून पडताळा घेण्याची पद्धत आम्ही घालून घेतली आहे.

दात्यांच्या देणगीतून घेतलेली वस्तू दीर्घकाळ रुग्णांच्या उपयोगी पडावी, ही आमची जबाबदारी होय. अन्य सेवाभावी रुग्णालयांनाही या अनुभवाचा लाभ व्हावा, एवढ्याच हेतूने हे टिपण येथे सादर केले आहे.