पेढी सामान्यांच्या दारीं : जॉन रीड यांची कारकीर्द

पेढी म्हटली कीं व्यापाऱ्याची हुंडी, गिरणीवाल्याचें कर्ज आणि सरकारी रोखे हींच पूर्वीं डोळ्यांपुढें उभीं राहात. पगारांतून चार पैसे शिल्लक टाकणाऱ्या गृहस्थाचें खातें मोठ्या पेढ्यांस लाभाचें न वाटतां उपद्रवाचें वाटे. ही दृष्टि पालटण्यासाठीं ज्यांनीं उमेदीचीं वर्षें वेंचलीं, त्यांत न्यूयॉर्कच्या सिटीबँकेचे जॉन रीड यांची गणना अवश्य करावी लागेल.

रीड यांचा जन्म 1939 सालीं शिकागो येथें झाला. बालपण मात्र अर्जेंटिना व ब्राझील या देशांत गेलें. एम. आय. टी. या विख्यात संस्थेंत शिक्षण पुरें करून 1965 सालीं ते पेढींत शिरले. पांचच वर्षांनीं चेक व हिशेब यांचें पडद्यामागील सारें काम त्यांच्या हातीं आलें. तें कारखान्याच्या शिस्तीनें चालविलें पाहिजे, असें ठरवून त्यांनीं फोर्ड मोटारींच्या कारखान्यांतील अनुभवी माणसें आणलीं.

पुढें सामान्य ग्राहकांचा विभाग त्यांजकडे आला. 1977 सालीं त्यांनीं न्यूयॉर्क शहरांत अहोरात्र पैसे देणारीं यंत्रें, म्हणजे आजचीं एटीएम, ठिकठिकाणीं बसविलीं. लोक यंत्रावर विश्वास कसा ठेवतील, ही शंका होतीच. परंतु 1978 च्या फेब्रुवारींत शहरावर प्रचंड बर्फ पडलें, पेढ्यांचीं दारें बंद झालीं, आणि त्या दिवसांत यंत्रांचा उपयोग शेंकडा 20 हून अधिक वाढला. शंकेचें निरसन निसर्गानेंच केलें!

क्रेडिट कार्डाचा प्रयोग मात्र प्रथम अंगाशीं आला. देशभर लक्षावधि पत्रें पाठवून कार्डें पसरविलीं. इतक्यांत 1980 सालीं पैशाचा भाव भडकून पेढ्यांचा मूळ व्याजदरच शेंकडा 20 पर्यंत चढला. न्यूयॉर्कच्या कायद्यानें कार्डावरील व्याजास याहून कमी मर्यादा घातलेली असल्यानें मोठा तोटा आला. तेव्हां 1981 सालीं पेढीनें कार्डांचा कारभार अशी मर्यादा नसलेल्या साउथ डकोटा संस्थानांत हलविला. धंदा सावरला, पण ऋणकोच्या रक्षणाची एक भिंत मात्र ढासळली, हें विसरतां कामा नये.

1984 सालीं रीड पेढीचे मुख्य झाले. देश कांहीं दिवाळें काढीत नसतात, असा त्यांचे पूर्वाधिकारी वॉल्टर रिस्टन यांचा विश्वास होता. परंतु 1987 च्या फेब्रुवारींत ब्राझीलनेंच परदेशी पेढ्यांचें व्याज थांबविलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत रीड यांनीं बुडित कर्जांपोटीं 3 अब्ज डॉलर बाजूस काढले. त्या सालीं ताळेबंदांत तोटा दिसला खरा, पण जें कर्ज फिटेल असा भरंवसा उरला नव्हता त्यास सुरक्षित म्हणण्याचा देखावा संपला. इतर मोठ्या पेढ्यांसही तीच वाट धरावी लागली.

1998 सालीं रीड यांनीं ट्रॅव्हलर्स या विमाकंपनीशीं एकीकरण घडविलें. ठेवींची पेढी व रोख्यांचा व्यापार यांस वेगळें ठेवणारा 1933 चा निर्बंध पुढल्याच वर्षीं बहुतांशीं उठला. 2000 सालीं ते निवृत्त झाले. 2008 च्या अरिष्टांत त्याच सिटीग्रुपला सरकारनें 45 अब्ज डॉलर देऊन वांचविलें. तेव्हां, 2009 सालीं, तो निर्बंध उठविणें चुकीचें होतें असें रीड यांनीं उघडपणें सांगितलें आणि त्यांतील आपल्या भागाबद्दल क्षमाही मागितली.

आपल्या देशांत या पेढीची परंपरा 1902 सालीं कलकत्त्यास सुरू झाली. 1 मार्च 2023 रोजीं तिचा येथील सामान्य ग्राहकांचा व्यवहार अॅक्सिस बँकेकडे गेला. परंतु पाटीवरील नांव बदललें तरी यंत्र आणि कार्ड हीं घरोघर राहिलींच आहेत. त्यांची सोय अवश्य घ्यावी. मात्र कार्डावरील उसनवारीचें व्याज वहींत त्याच दिवशीं मांडावें. बुडित रक्कम आणि चूक, दोन्ही आपल्या नांवें लिहून ठेवण्याचें धैर्य जर एवढ्या मोठ्या पेढीच्या मुख्यास दाखवितां आलें, तर तें आपल्या घरखर्चाच्या वहीस कां अवघड जावें?